तळ कापणारा हात

पोलिसांसमोर खोटे बोलणारी माणसे मी नोकरीभर पाहिली. सुटण्यासाठी खोटे बोलतात, त्यात नवल नाही. अडकण्यासाठी खोटे बोलणारा माणूस मला एकच भेटला, तो कोल्हापुरात. त्याचा जबाब मी अजून विसरलेले नाही.

संस्थान विलीन होऊन फार काळ झाला नव्हता. प्रशिक्षण संपवून मी शहरातल्या एका ठाण्यात उमेदवारीवर रुजू झाले होते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, स्वभाव मितभाषी. एकदा पाणी मागताना मी सवयीने ‘प्लीज’ म्हणाले. तेव्हापासून ठाण्याचे जमादार आल्यागेल्याला सांगत, "आमच्या बाईसाहेब चोराला बी प्लीज म्हनून बेडी घालत्यात की!" मी हसून गप्प बसे. गप्प बसणाऱ्या माणसाचा लोकांना विसर पडतो आणि ते त्याच्यासमोर मोकळेपणाने वागतात, हा फायदा मला लवकर कळला.

एका सकाळी चपलांच्या गल्लीतला एक दुकानदार खबर घेऊन आला. तो स्वतः चांगला कारागीर होता. कागदात गुंडाळलेली चपलांची जोडी त्याने फौजदारसाहेबांच्या टेबलावर ठेवली.

"ह्यो तळ बघा, सायेब. आमच्या गल्लीत असा तळ कापनारा एकच हात हाय. अन् त्यो मानूस आंधळा म्हनून सरकारचं पेन्शन खातोय!"

ज्याच्याविरुद्ध तक्रार होती तो मूळचा कोडोलीचा. महायुद्धात एका स्फोटात डोळे गेले म्हणून त्याला घरी पाठवले होते आणि अपंगत्वाचे पेन्शन चालू होते. लढाईवर जाण्यापूर्वी तो गल्लीतला नावाजलेला कारागीर होता. पेन्शन घेऊन घरी चार पैसे कमावणे गुन्हा नव्हता. पण डोळे शाबूत असताना आंधळे असल्याचे भासवले असेल, तर ती सरकारची फसवणूक होती. रापी, म्हणजे चामडे कापायची रुंद पात्याची सुरी, न दिसणाऱ्या माणसाच्या हातून अशी चालणार नाही, हे आम्हालाही पटले.

"घरात दुसरं कोण आहे?" साहेबांनी विचारले.

"बायकू. पोरबाळ न्हाय, भाऊ न्हाय."

"मग बायको करत असेल."

दुकानदार हसलाच. "काय सायेब! बाईनं चामड्याची वेनी घालावी, भोकं पाडावी. तळ कापायचं काम गड्याचं. बाईनं कापलेल्या तळावर पैलवान पाय ठेवंल व्हय?"

जमादारही हसले. तो विषय तिथेच संपला.

जमादार दोन पंच घेऊन त्या घरी गेले आणि त्या माणसाला घेऊनच परतले. ते दारात पोचले तेव्हा आतून ठोकण्याचा आवाज येत होता. कडी वाजवताच तो थांबला. दार उघडले तेव्हा रापी त्या माणसाच्या हातात होती आणि बायको चुलीपाशी. आणखी काय हवे?

चौकशीला मी कोपऱ्यात उभी होते. चाळिशीच्या आतला, ताठ बसणारा माणूस. डोळे उघडे, पण नजर कुठे लागली आहे ते कळत नव्हते.

"दिसतं का रे तुला?" साहेबांनी विचारले.

"दिसतंय की सायेब. पैल्यापास्नं दिसतंय."

"मग डॉक्टरला फसवलंस?"

"व्हय. ल्ह्या तसं."

साहेब खूश झाले. मला मात्र काहीतरी खटकले. कबूल होणारा माणूस आधी आढेवेढे घेतो, मग शपथा घेतो, मग थोडे सांगतो आणि बाकीचे झाकतो. या माणसाला घाई होती. विचारलेल्यापेक्षा जास्त कबूल करायला तो तयार होता.

दरम्यान जमादारांनी ती जोडी लाखेची मोहोर लावण्यासाठी उचलून आत नेली. साहेब मान खाली घालून लिहीत होते. न बघताच त्यांनी टेबलाकडे बोट केले.

"ही समोरची जोडी तुझीच ना?"

त्याने चेहरा बरोबर टेबलाकडे वळवला. "व्हय सायेब. माजीच जोडी हाय ती. तळ मीच कापलाय."

टेबलावर चहाची उष्टी बशी होती. तिच्यावर माशी बसली होती. दुसरे काहीही नव्हते.

हा माणूस ठार आंधळा होता आणि डोळस म्हणून शिक्षा मागत होता. तिथेच बोलले असते तर तो सावध झाला असता आणि कारण कधीच कळले नसते. त्याच्या बायकोचा जबाब मलाच घ्यायचा होता. मी परवानगी घेऊन निघाले.

दार नुसते लोटलेले होते. नवरा ठाण्यात, तरी आतून चामडे कापल्याचा आवाज येत होता. मी दार ढकलले.

ती बसली होती. म्हशीचे जाड चामडे पायाच्या अंगठ्याखाली दाबलेले, दोन्ही हात रापीवर. रापी तिच्याकडे येत होती आणि चामडे बाजूला होत होते. आखलेली रेघ नाही, माप नाही. टाचेच्या वळणावर हात क्षणभरही थांबला नाही. सगळे अंग त्या वळणाबरोबर झुकले आणि तळ सुटून पडला. माणसाच्या हातून असे काही होताना मी तोपर्यंत पाहिले नव्हते. जबाब घ्यायला आले आहे, हेही मी विसरले.

मला पाहताच तिने चामड्यावर पदर टाकला. "त्यांनीच केलंय समदं, बाईसाब."

"मी मघापासून दारात उभी आहे," मी म्हणाले.

तिने पदर काढून घेतला. "डोळं गेल्यावर त्यांनीच शिकवलं. माज्या हातावर हात ठेवून. आता नुसतं ऐकत्यात. रापी चुकली की आवाजावरनं शिव्या देत्यात."

"मग खोटं का सांगताहेत? तुरुंगात जावं लागेल."

"त्ये बी आदीच बोलून झालंय. कडी वाजली की रापी त्यांच्या हातात द्यायची, आसं ठरलंय. म्हनले, पेन्शन माज्या जिवाबरुबर जानार. धंदा माज्या नावावर टिकला तर सुटून आल्यावर चार पैसं गाठीला लागतील, मागं तुला पुरतील. बाईचा हात हाय कळलं तर दारात कुत्रं फिरकायचं न्हाय." तिने डोळे पुसले. "मी तुरुंगाचं म्हनलं, तर म्हनत्यात, मला काय, तितं बी अंधार अन् हितं बी अंधार."

मी म्हणाले, "मी जे पाहिलं ते मला लिहावं लागेल."

ती उठली. रापी, हातोडी आणि चामड्याचा तुकडा पाटीत भरला. "लिवन्यापरास दावतीच. चला."

ठाण्याच्या आवारात ती फरशीवर बसली. दुकानदार आपल्या तक्रारीवर सही करायला आलेला होता. तिने त्याच्याकडे पाहिले.

"या भावजी, बसा की. तळ कोन कापतंय बघायचं हुतं न्हवं?"

आणि तिने रापी लावली. आतल्या बाकावर बसलेल्या नवऱ्याने आवाज ओळखला. "कोन हाय तितं? अगं, ठेव ती रापी! ठेव म्हनतो न्हवं!"

"गप बसा. कड चुकंल माजी."

कोणी हसले नाही. जमादारांच्या हातातला विडा हातातच राहिला. तळ सुटला तेव्हा दुकानदाराने तो उचलला, वाकवला, कडेवरून अंगठा फिरवला.

"ही कड त्येचीच हाय," तो पुटपुटला.

"त्यांचीच हाय. हात माजा."

मी साहेबांना बशीचे सांगितले. त्यांनी टेबलाकडे पाहिले आणि टोपी काढून ठेवली. त्या माणसाला सरकारी डॉक्टरांकडे पाठवले. डोळे पूर्ण गेल्याचा दाखला आला, पेन्शन चालू राहिले, आणि तक्रारीत तथ्य नाही असा अहवाल गेला.

त्याची भीती मात्र खरी ठरली. तालमीतली गिऱ्हाइके तुटली. काही महिने त्या घरात चूल जपून पेटली असावी. पुढे पहिले काम आले ते त्या दुकानदाराकडूनच. आधी त्याने चामडे संध्याकाळी, मागच्या दाराने पाठवले. नंतर तोच दिवसाढवळ्या, सगळ्या गल्लीसमोर घेऊन येऊ लागला. मी बदली होऊन गेले तेव्हा ती दार उघडे टाकून काम करत असे.

कबुली मिळाली म्हणजे तपास संपला, असे मी त्यानंतर कधीच मानले नाही. कबूल होणारा माणूस कोणाला वाचवतो आहे, हे आधी पाहायचे, ही सवय मला त्या प्रकरणाने लावली. पुढे मोठे गुन्हे हाताळले, मोठी माणसे पाहिली. कोणासमोर इतके लहान झाल्यासारखे वाटले नाही.

ठाण्यातून सुटल्यावर ती दोघे निघाली ते दृश्य डोळ्यांसमोर आहे. कमरेवर पाटी, दुसऱ्या हाताने तिने त्याचे कोपर धरलेले. तो फाटकापर्यंत रागावत होता.

"गिऱ्हाईक गेलं समदं! आता काय खाशील?"

"पायरी हाय," ती म्हणाली. "पाय उचला."

त्याने पाय उचलला.