निळ्या ड्रमाची राखण

माझ्या घरात आजवर चोर शिरलेला नाही. हे मी देवाच्या कृपेनं म्हणत नाही. देवाला इतर कामं आहेत. घर मी राखलं.

लग्नानंतर आम्ही उस्मानपुऱ्यात भाड्यानं राहायचो. पुढं गावाबाहेर, गुंठेवारीत जागा घेतली आणि एकेक खोली बांधली. आधी स्वयंपाकाची, मग निजायची, मग पुढची. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, कामावरून आले की गारा कालवायचे आणि मी विटा द्यायची. तेव्हा आजूबाजूला जवारीची रानं होती आणि आमच्या गल्लीत मोजकी घरं. चोरालासुद्धा यायचा कंटाळा येईल अशी जागा.

मग दुष्काळाची वर्षं आली. बोअर आटले. टँकर यायचा, त्याचा वार ठरलेला. त्या सकाळी प्रत्येक घरानं आपला निळा ड्रम दारापुढं रस्त्यावर काढून ठेवायचा, टँकरवाला पाईप एकातून दुसऱ्यात टाकत पुढं जायचा. पाण्याचीही चोरी व्हायची, म्हणून ड्रमाच्या झाकणाला लोखंडी पट्टी आणि पट्टीला कुलूप. माझ्या ट्रंकेला कुलूप नव्हतं, पण ड्रमाला होतं.

त्यातल्याच एका उन्हाळ्यात कोपऱ्यावरच्या मास्तरांचं घर फुटलं. मास्तर बायकोमुलांना घेऊन मेहुण्याच्या लग्नाला बिडकीनला गेले होते. आले तर कोयंडा उचकटलेला, कपाट उघडं, बाईंचे दागिने गेलेले. मास्तर ओट्यावर डोकं धरून बसले.

"मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नव्हतं," ते म्हणत होते. "दूधवाल्यालाही नाही. घरातलाच कुणीतरी भेदी आहे. नाहीतर गल्लीतला."

गल्लीतला म्हटल्यावर सगळे एकमेकांकडं बघायला लागले. कुणी दूधवाल्याचं नाव घेतलं, कुणी समोरच्या भाडेकरूचं. माझ्या शेजारी एक मुसलमान कुटुंब आहे, तेव्हाही होतं. त्या घरातली भाभी आणि मी रोज एकत्र भाजी निवडायचो. तिच्या नवऱ्याकडंही दोघंतिघं बघायला लागले. ते मला काही आवडलं नाही.

मी म्हणाले, "मास्तर, तुमचा भेदी मला ठाऊक आहे. तुमचा ड्रम."

"बाई, ही थट्टेची वेळ आहे का?"

"थट्टा नाही. टँकरच्या दिवशी सगळ्या गल्लीचे ड्रम बाहेर होते आणि तुमच्याच दारापुढं ओळीत फट होती. दुष्काळात पाणी सोडून माणूस घरात बसेल का? ज्याचा ड्रम बाहेर आला नाही, तो घरी नाही. रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही कळतं."

मास्तर उठून आपल्या रिकाम्या ड्रमाकडं बघून आले. शिकलेल्या माणसाला पटलं की तो वाद घालत नाही, एवढा गुण त्यांच्यात होता.

त्या दिवसापासून गल्लीत रीत पडली. गावाला जाणाऱ्यानं ड्रम आणि त्याची किल्ली शेजारी द्यायची. शेजाऱ्यानं ड्रम भरायचा, पाणी शेजाऱ्यानंच वापरायचं. त्यामुळं झालं असं की सगळे एकमेकांच्या गावाला जाण्याची वाट बघायला लागले. भाभी मला सकाळीच विचारायची, "अम्मा, मायके कब जा रहे? कपडे बहोत जमा हुए मेरे."

"माझी आई मरून जमाना झाला."

"तो भाई के पास जाओ ना!"

हसायचो, पण त्यानंतर आमच्या गल्लीत एकही घर फुटलं नाही.

मालक गेले. रानं गेली, तिथं इमारती आल्या. वाळूजच्या कंपन्यांच्या बसेस आमच्या नाक्यावर थांबायला लागल्या, माझा मुलगा त्यातल्याच एका बसनं जातो. सून एका दवाखान्यात हिशेबाचं काम करते. नळ आला, रोज नाही तरी येतो. निळा ड्रम मागच्या बाजूला पालथा पडला. आणि फोनवरून मागवलेल्या सामानाची खोकी घरी यायला लागली. चपला खोक्यात, साबण खोक्यात. दुपारी मी जरा लवंडले की सामान आणणारा पोरगा खोकं गेटाला टेकवून निघून जायचा.

ती चोरीला जायला लागली. आधी नातीचे शाळेचे बूट गेले. मग माझं गुडघे शेकायचं यंत्र गेलं. मुलानं कॅमेरा बसवला. पुढच्या वेळी त्यात चोर अगदी स्पष्ट दिसला. त्याचं हेल्मेटही स्पष्ट दिसलं. हेल्मेटाखालचं तोंड तेवढं दिसलं नाही.

मुलगा वैतागला. एका संध्याकाळी त्यानं गुळगुळीत कागदाचं एक पुस्तक माझ्यापुढं टाकलं. फ्लॅटच्या जाहिरातीचं.

"आई, हे घर विकू. आज खोकं नेलं, उद्या घरात शिरतील. आम्ही दोघं दिवसभर बाहेर. तिथं गेटावर वॉचमन असतो."

"मग इथं मी काय आहे?"

"तू झोपतेस दुपारी."

"आणि वॉचमन?"

सून हसली, तो हसला नाही. त्याला खरंच काळजी होती, हे मला दिसत होतं. पण या घराच्या विटा मी उचलल्या होत्या. हेल्मेटवाल्याच्या भीतीनं ते मी विकणार नव्हते.

मी रात्रीचं जेवण होईपर्यंत विचार केला. गेटाशी पडलेलं खोकं म्हणजे मास्तरांच्या दारापुढची फटच. घरात कुणी नाही, असं ते ओरडून सांगतं. म्हणजे ते बाहेर दिसताच कामा नये.

दुसऱ्या दिवशी ड्रम घासून काढला. सुताराकडून झाकणाला फट पाडून घेतली, खोकं आत जाईल एवढी. हात घातला तरी तळाला पोचत नाही. जुनी पट्टी, जुनंच कुलूप. साखळीनं ड्रम गेटाच्या आतल्या बाजूला बांधला. मोठं खोकं असलं तर भाभीकडं. सामान मागवताना सुनेनं फोनमध्ये तसं लिहून टाकलं. पहिला पोरगा आला तो बाहेरूनच ओरडला, "मावशी, कचऱ्यात टाकू का?"

"कचरा तुझ्या आईकडं टाक. इथं सामान टाक."

मुलगा म्हणाला, "बरं, खोक्यांचं झालं. घराचं काय?"

त्याचं उत्तर द्यायची वेळ लवकरच आली. जालन्याला लेकीच्या घरी बारसं होतं आणि सगळ्यांनीच जायचं होतं. मुलगा भलंमोठं कुलूप घेऊन गेटाकडं निघाला. मी ते काढून घेतलं. दाराला बाहेरून न दिसणारं आतलं कुलूप लावलं, गेटाला नुसती कडी. माझ्या चपला दारात ठेवल्या. मास्तरीणबाई आमच्या दारात सडा-रांगोळी करणार होत्या. भाभीकडं मी दोन लुगडी दिली, रोज ओली करून आमच्या दोरीवर वाळत घालायला.

"दो काहे को?"

"रोज तेच दिसलं तर चोर म्हणेल, म्हातारीला दुसरं नाही."

आम्ही परत आलो तर भाभी गेटातच उभी. तिला सांगायची घाई झाली होती. एक अनोळखी माणूस भरदुपारी आला होता. गेटातून आत वाकून बघत होता. भाभीनं तिच्या ओट्यावरून विचारलं, "क्या होना?"

"घरात कोणी आहे का?"

"अम्मा है, नहा रही. बुलाऊं? नहाते में से उठाया तो लकडी लेके आती."

माणूस दोरीवरच्या ओल्या लुगड्याकडं बघून निघून गेला. त्याच दिवशी मागच्या गल्लीत मोठं कुलूप लावलेलं एक घर फुटलं.

मुलानं सगळं ऐकलं आणि ड्रमाचं कुलूप उघडून आतली दोन खोकी काढली. एक सुनेचं, एक माझं. गुडघ्याचं यंत्र त्यानं पुन्हा मागवलं होतं, मला न सांगता.

"आई, तळाला ओल आहे. खोकं भिजलंय."

मी आत गेले, फ्लॅटचं ते पुस्तक आणलं आणि त्याच्यासमोर पानं फाडून ड्रमाच्या तळाला अंथरली. कागद चांगला जाड आहे. त्यानं अडवलं नाही. उलट पुढची पानं त्यानंच फाडून दिली.