नमुना तपासला नव्हता

सरांनी तो हातमोजा दोन बोटांच्या चिमटीत उचलला, नाकाजवळ नेला आणि तोंड वाकडे केले. "सुकटीचा वास येतोय हो." खोलीतले सगळे हसले. मीही हसलो.

समोर माझी धाकटी बहीण उभी होती. तिला कुणी बस म्हटले नव्हते.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी खरेदी विभागात होतो; सर त्या विभागाचे प्रमुख. कामगारांचे हातमोजे नेहमी बाहेरच्या व्यापाऱ्याकडून येत. बहिणीने आमच्या शिरगावच्या चार बायका जमवल्या, जाड सुती हातमोजे शिवायला घेतले आणि नमुना घेऊन ती थेट आमच्या कचेरीत आली. मला न सांगता. दादाचा वशिला नको, म्हणून. हे काम मिळाले नाही, तर त्या पाचही जणींना ठेकेदाराकडे रसायनांचे रिकामे ड्रम धुवायला परतावे लागणार होते. त्यातूनच त्या कशाबशा बाहेर पडल्या होत्या.

"लोकल माल," सर म्हणाले. "आज हातमोजे घ्या, उद्या गेटवर मोर्चा." मग माझ्याकडे वळले. "तुम्ही इकडचेच ना? ओळखता का यांना?"

"तुम्ही लोकल वाटत नाही," असे याच माणसाने मला अनेकदा म्हटले होते. ते वाक्य मी छातीवर बिल्ल्यासारखे मिरवले. घरातले 'हाय' आणि 'नाय' मी जिभेवरून खरवडून काढले होते. आज ज्या भाषेत लिहितो आहे, ती तेव्हा कमावलेली. त्याच शुद्ध भाषेत मी म्हणालो, "नाही सर. ओळखत नाही."

बहिणीने माझ्याकडे पाहिले. एका शब्दात ती मला उघडे पाडू शकली असती. तिने पाडले नाही. पुढे होऊन हातमोजा माझ्या टेबलावर ठेवला.

"साहेब, ताणून बगा. शिवण सुटाची नाय."

जन्मभर तिने मला दादा म्हटले होते.

मी ताणून पाहिला नाही. नमुन्याच्या कागदावर लिहिले, 'दर्जा अयोग्य.' खाली सही केली.

दोन महिन्यांत शिलाई मशिनींवर चादरी पडल्या. शिरगावला गेलो की ती पुढ्यात कप ठेवी. "चाय घ्या, साहेब." त्यात टोमणा नव्हता. टोमण्याला मी उत्तर देऊ शकलो असतो.

मग एका सकाळी आमच्याच गेटवर, ठेकेदाराच्या रांगेत ती दिसली. हातात मी मंजूर केलेले, व्यापाऱ्याचे हातमोजे. अंगठ्याची शिवण उसवलेली. आत तिच्या अंगठ्याची कातडी पांढरी पडून सोललेली. माझे पाय थांबले. तिच्या मागे उभी असलेली घिवली गावची बाई आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहू लागली.

"ह्यो तुजा भाऊ काय गो? नाक तुज्यासारकंच हाय."

"नाय गो," बहीण म्हणाली. "वलखीचा नाय."

माझेच वाक्य. आमच्या घरच्या भाषेत.

मी वर गेलो. कपाटातून तिचा नमुना आणि त्याचा कागद काढला आणि सरांच्या टेबलासमोर उभा राहून दोन्ही हातांनी ताणला. सगळे बळ लावले. शिवण सुटली नाही. मग जुन्या शेऱ्याखाली लिहिले, 'नमुना तपासला नव्हता. वरील शेरा खोटा आहे. नमुना आणणारी बाई माझी सख्खी बहीण आहे.' सही केली. कागद त्यांच्यापुढे सरकवला.

त्यांनी तो दोनदा वाचला. "शेवटी तुम्हीही लोकलच निघालात."

"हाय," मी म्हणालो. "लोकलच हाय मी."

काम त्या बायकांना मिळाले नाही. माझी रवानगी गोदामात झाली. नाते लपवल्याबद्दल चौकशी लागली आहे. आरोप खरा आहे आणि तसे मी लिहून दिले आहे. बहीण अजून ड्रम धुते. अजून मला साहेब म्हणते. दादा म्हण, असे मी तिला सांगणार नाही. तो अधिकार मी स्वतःच्या सहीने घालवला.

चौकशीत मला पुन्हा विचारतील, ओळखता का यांना? त्या दिवशी मी पाचही जणींची नावे सांगेन, गावासकट. तो हातमोजा चौकशी करणाऱ्यांच्या टेबलावर ठेवीन. म्हणेन, माझे काय करायचे ते नंतर ठरवा. आधी हा हातात घ्या.

ताणून बगा.