दुसऱ्या भागातला म्हातारा

अमरावतीच्या एका टॉकीजमध्ये मी एकदा अख्खा सिनेमा चुकीच्या क्रमाने पाहिला आणि मला तो फार आवडला. क्रम चुकीचा होता हे कळायला मला एक आठवडा लागला. तोवर अकोल्यात आमच्या शाळेतल्या शिक्षकांना मी त्या सिनेमावर तीन व्याख्यानं दिली होती आणि सासऱ्यांना एक शब्द दिला होता. व्याख्यानं कुणी मनावर घेतली नाहीत. शब्द मात्र घेतला गेला.

माझे सासरे अंजनगाव सुर्जीचे, पानमळ्यावाले. मी त्यांना मामाजी म्हणत असे आणि ते मला जवाईबापू म्हणत. माणूस साधा, प्रेमळ, पण सिनेमा म्हटलं की त्यांची मान आपोआप नकारार्थी हलायची. उजेड असताना आपण होऊन अंधारात जाऊन बसायचं, यात शहाणपणा कुठला, असा त्यांचा सवाल होता. त्यावर आमची शांता (म्हणजे त्यांची मुलगी, म्हणजे माझी बायको) म्हणायची, की पानमळ्यात तरी कुठे ऊन असतं, जन्म तर तुम्ही सावलीतच काढला. मामाजी हसायचे आणि मान हलवायचे. या हलत्या मानेमुळे सासूबाईंनी पन्नाशी ओलांडली तरी टॉकीजचं दार आतून पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन अकोल्यात झालं. दोघं आमच्याकडे मुक्कामाला होते. पट्टी सुटली, दीड महिन्याने जाड भिंगांचा चष्मा आला, आणि सासूबाई दिवसभर अंगणात बसून जग पाहू लागल्या. शेजारच्यांच्या दोरीवरची लुगडी, कौलावरची मांजर, माझ्या सदऱ्याचं तुटकं बटण, त्यांच्या नजरेतून काही सुटेना. अशातच एका शुक्रवारी सिनेमाच्या जाहिरातीचा टांगा आमच्या गल्लीत आला. टांग्याच्या दोन्ही बाजूंना पोस्टर आणि पोस्टरवर माणसंच माणसं. तीन हिरो, दोन हिरॉइनी, दोन व्हिलन, एक विनोदी नट, एक नाचणारी आणि कोपऱ्यात एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा. टांगेवाला भोंग्यातून ओरडत होता, की जुगाराच्या क्लबावर पुन्हा दरोडा, येत्या शुक्रवारपासून, भाग दुसरा!

सासूबाई चष्मा सावरून उठल्या, टांगा वळेपर्यंत पाहत राहिल्या आणि घरात येऊन म्हणाल्या, "डोळे आले, तं एकडाव सिनेमा पाहीन म्हणते. हा पाहू. एवढी सारी माणसं एकाच खेपेस पाहून होतीन."

शांताच्या हातातलं लाटणं थांबलं. आईने आपल्यासाठी म्हणून काही मागितल्याचं तिने आयुष्यात ऐकलं नव्हतं. मामाजींची मान हलण्याच्या बेतात होती, पण सासूबाईंच्या भिंगांमागे मोठेच्या मोठे झालेले डोळे पाहून ती तिथल्या तिथे थांबली. त्यांनी बराच विचार केला आणि अटी सांगितल्या. सिनेमा एकच. जवाईबापूने आधी पाहून यावा. बायामाणसांनी बघण्याजोगा असेल तरच जायचं. "अन् बुडाला, तं या घरात पुन्हा सिनेमाचं नाव नाई काढाचं."

आणखी एक अट डॉक्टरांची होती. डोळ्यांना ताण नको, सहा महिने रडायचं नाही. त्यामुळे सिनेमात कुणी मरत असेल तर तेही मी पाहून यायचं होतं.

हे सगळं माझ्यावर येणं साहजिक होतं. मी शाळेत इतिहास-भूगोल शिकवत असे, पण अकोल्यात माझी प्रतिष्ठा सिनेमामुळे होती. (भूगोलामुळे कुणाची झाल्याचं ऐकिवात नाही.) कुठला सिनेमा पाहावा आणि कुठला टाळावा, हे विचारायला लोक घरी येत. या सिनेमाचा पहिला भाग मी दोनदा पाहिला होता. दुसऱ्या भागांबद्दल मात्र माझं मत वाईट होतं. दुसरा भाग म्हणजे परातीला चिकटलेल्या कणकेचा शेवटचा फुलका. टाकवत नाही म्हणून खायचा. तो सिनेमा अमरावतीला आधी लागला होता, म्हणून रविवारी मी निघालो. निघताना शांता दारापर्यंत आली.

"मस्त हाये, मस्त हाये करत येऊ नोका," ती म्हणाली. "नीट पाहून या. मायनं आजपर्यंत काही मागतलं नाई."

मी तिला सांगितलं, की सिनेमा कसा पाहायचा हे तू मला शिकवू नकोस. हे वाक्य पुढे पुष्कळ दिवस मला ऐकून घ्यावं लागलं.

सकाळच्या पॅसेंजरने बडनेरा, तिथून अमरावती, आणि तीनच्या खेळाला मी खुर्चीत. पहिली वीस मिनिटं अगदी सरळ गेली. टोळी पुन्हा जमते, तिजोरीला कान लावून ती उघडणारा तो पांढऱ्या दाढीचा म्हातारा पुन्हा येतो, क्लबाचा मालक दात ओठ खातो. मी मनात म्हटलं, फुलका. इतक्यात पडदा काळा झाला, हॉलमध्ये दिवे लागले, दहा मिनिटांनी गेले, आणि पुढच्याच क्षणी दरोडा पडलेला! बेत नाही, तयारी नाही, एकदम पोलीस मागे आणि गोळीबार. म्हाताऱ्याला गोळी लागली. हिरोच्या मांडीवर डोकं ठेवून तो गेला. त्याच्यावर चादर ओढली. मध्यंतर.

मध्यंतरानंतर पाहतो तर तोच म्हातारा खाटेवर बसून संत्रं सोलतोय आणि टोळीला तिजोरी कशी फोडायची ते समजावून सांगतोय.

मी खुर्चीत सरसावून बसलो. अंगावर काटा आला. म्हणजे म्हातारा मेलाच नव्हता, ते मरणाचं नाटक होतं, आणि दरोडा आधी दाखवून त्याचं रहस्य नंतर उलगडायचं ही दिग्दर्शकाची करामत. खालच्या वर्गातले प्रेक्षक शिट्ट्या मारत होते, बाक वाजवत होते. त्यांनाही ती पसंत पडली असं मी समजलो. शेजारचा एक फेटेवाला मला म्हणाला, की यात काहीतरी गडबड होऊन राहिली. मी त्याला समजावलं, की गडबड नाही, ही कला आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि एक खुर्ची पलीकडे सरकून बसला.

शेवटी हिरो म्हाताऱ्याच्या वाटणीची थैली त्याच्या नातीला नेऊन देतो, तीही मला लपून बसलेल्या म्हाताऱ्याचीच युक्ती वाटली. रात्रीच्या जेवणाला मी अकोल्यात परत आलो आणि निकाल जाहीर केला. पहिल्यापेक्षा दुसरा भाग सरस. नाच एकच आणि तोही अंगभर. बायामाणसांनी अवश्य पाहावा.

मामाजींनी ताटातला हात थांबवून मुद्द्याचा प्रश्न विचारला. "मरते का कोणी?"

"म्हाताऱ्याला गोळी लागते," मी म्हणालो. "पण काळजी करू नका, मामाजी. तो परत येतो. माझा शब्द."

पुढच्या रविवारी आम्ही चौघं अकोल्याच्या टॉकीजमध्ये बाल्कनीत बसलो होतो. कडेला मी, मग मामाजी, सासूबाई, शांता. सासूबाईंनी नवं इरकली लुगडं नेसलं होतं आणि दर पाच मिनिटांनी चष्म्याची भिंगं पदराने पुसत होत्या. पहिल्या दृश्यात म्हातारा आला तेव्हा त्यांनी मामाजींना कोपराने ढोसलं. हाच का तो परत येणारा? मामाजींनी मला विचारलं. मी मोठ्या ऐटीत होकार दिला आणि त्यांच्या कानाशी लागून सांगितलं, की आता बघा, दिवे लागतील आणि लगेच दरोडा.

दिवे लागले नाहीत. दरोडाही पडला नाही. म्हातारा खाटेवर बसून संत्रं सोलू लागला. मी म्हटलं, आता पडेल. नाच झाला. आता पडेल. विनोदी नट बायकोच्या हातचा मार खाऊन गेला. मामाजी शांतपणे म्हणाले, "कवा लागते गोळी?" मी म्हटलं, लागेल. एवढ्यात मध्यंतराची पाटी आली आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. यांनी रिळं उलटीसुलटी लावली होती! एवढ्या कलाकृतीचा या लोकांनी चुथडा केला होता!

मी तडक जिना चढून मशीनच्या खोलीत गेलो आणि ऑपरेटरला फैलावर घेतलं. तो चहा पीत होता. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, बशी रिकामी केली आणि विचारलं, "मास्तर, तुमी हा अमरावतीले पाह्यला का? मागच्या रविवारी, तीनचा खेळ?"

मी होय म्हणालो.

त्याच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल खरी कणव दिसली. त्याने सांगितलं, की अमरावतीला हा सिनेमा दोन टॉकीजमध्ये एकदम लागला होता आणि रिळांचा संच मात्र एकच. एकीकडचं रीळ संपलं की डबा सायकलीवर दुसरीकडे जायचा. त्या रविवारी वाटेत सायकल पंक्चर झाली. इकडे लोक बाक तोडायच्या बेतात आले, म्हणून ऑपरेटरने हाताशी जे रीळ होतं ते चढवलं. "दुसऱ्या दिवशी लोक भांडाले आले होते थेट मॅनेजरच्या घरी," तो म्हणाला. "तुमाले समजलं नाई?"

मला समजलं नव्हतं. मला आवडलं होतं. जिन्यावर एका हाताने कठडा धरून मी हिशेब केला, तो असा, की म्हातारा आता मरणार आणि खरोखरच मरणार. खाली सासूबाई बसल्या होत्या, ज्यांना सहा महिने रडायचं नव्हतं. शेजारी मामाजी बसले होते, ज्यांच्या खिशात माझा शब्द होता. आणि पलीकडे शांता होती, जिच्या आईचा हा पहिला सिनेमा होता आणि माझ्या कृपेने बहुधा शेवटचाही.

खाली येऊन मी खुर्चीत बसलो. पायात वहाण राहिली आहे की जिन्यावर पडली, याचंही भान नव्हतं. सांगावं की सांगू नये, या विचारात दरोडा पडला. गोळी लागली. म्हाताऱ्याने हिरोच्या मांडीवर डोकं ठेवलं. सगळी बाल्कनी मुसमुसू लागली. आमच्या पुढच्या रांगेत एक बाई तर हुंदके देत होती. सासूबाई तेवढ्या कोरड्या. त्या पुढे वाकल्या, त्या बाईच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "रडू नोको बाई. थो येते वापस. आमचे जवाई पाहून आले अमरावतीले."

बाईचं रडं थांबलं. रांगेतल्या आणखी दोघींनी डोळे पुसले. पुढची अर्धी बाल्कनी माझ्या शब्दावर म्हाताऱ्याची वाट बघत बसली.

तो आला नाही. त्याच्या वाटणीची थैली हिरोने त्याच्या नातीला नेऊन दिली, तेव्हाही सासूबाई पडद्यावरच्या दाराकडे बघत होत्या. सिनेमा संपला, राष्ट्रगीताला सगळे उभे राहिले, आणि ते संपताच लोक निघाले. पुढच्या रांगेतल्या बाईने जाताना माझ्याकडे असं पाहिलं, जणू गोळी मीच घातली होती. सासूबाई मात्र पुन्हा खाली बसल्या. मामाजीही बसले. झाडूवाली आत आली.

"जवाईबापू," मामाजी म्हणाले, "म्हातारा राह्यला."

मी शांताकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. माझा चेहरा तिला पाठ होता. सासूबाईंचा हात चष्म्याकडे गेला, हनुवटी किंचित हलली. त्याक्षणी मी जे बोललो त्याचा मला आजही खुलासा करता येत नाही.

"तो तिसऱ्या भागात येतो," मी म्हणालो.

झाडूवाली झाडत झाडत आमच्या रांगेपर्यंत आली. मग सासूबाईंची हनुवटी थांबली. मामाजी गुडघ्यावर हात टेकून उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "असं पयलेच सांगाव न. मंग तिसऱ्या भागाले येऊ."

आता लोक मला विचारत, की दुसरा भाग कसा आहे. मी प्रामाणिकपणे सांगत असे: अमरावतीला उत्तम, अकोल्याला बेताचा. पण माझा खरा प्रश्न तिसऱ्या भागाचा होता. तो निघालाच नाही. अंजनगावहून येणाऱ्या प्रत्येक पोस्टकार्डात पानमळा ठीक आहे, म्हशीला रेडकू झालं, आणि शेवटी, म्हातारा आला काय? मी लिहीत असे, अजून नाही. वर्ष गेलं. दुसरंही अर्धं गेलं. मी मुंबईच्या सिनेमावाल्यांना पत्र लिहिण्याच्या विचारात होतो.

मग एक दिवस अकोल्यात एक निराळाच, कौटुंबिक सिनेमा लागला. मी तो पाहिला (सरळ क्रमाने, ऑपरेटरला आधी विचारून) आणि घरी धावत आलो. त्यात त्याच पांढऱ्या दाढीच्या नटाने एका खेड्यातल्या शाळामास्तरचं काम केलं होतं. दुसऱ्याच दिवशी अंजनगावला कार्ड गेलं. दोघं मूर्तिजापूरपर्यंत छोट्या गाडीने आणि तिथून मोठ्या गाडीने, पानांची करंडी घेऊन, हजर.

पडद्यावर म्हातारा खडू घेऊन फळ्याशी उभा राहिला आणि सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला. मामाजी पुष्कळ वेळ एकटक पाहत होते. मग पुढे वाकून मला म्हणाले, "वाचला. अन् दरोडे सोडून मास्तर झाला. चांगलं केलं." सासूबाईंच्या डोळ्यांना मात्र धार लागली. पण सहा महिने कधीच होऊन गेले होते, त्यामुळे डॉक्टरांची काही हरकत नव्हती.

घरी येताना ती दोघं पुढे चालत होती आणि पुढच्या महिन्यात कुठला सिनेमा पाहायचा यावर मामाजींचं आणि सासूबाईंचं चक्क भांडण चाललं होतं. मी छाती थोडी पुढे काढून शांताला म्हटलं, की शेवटी मी दिलेला शब्द पाळला की नाही?

तिने पुढे भांडत चाललेल्या दोघांकडे पाहिलं. मग म्हणाली, "इतकी वर्षं बाबांले सिनेमा चांगला असते हे खरं सांगून राहिले तुमी, एकडाव ऐकलं नाई त्यायनं. एक थाप मारली, तं दोघं घर सोडून सिनेमाले आले. खरं बोलणं तुमाले जमत नाई, थे सोडून द्या."