गिरणीवाल्या नानांचं सोलर

लाईट गेली की गिरणीवाले नाना आधी वर पंख्याकडे बघून सणसणीत शिवी हासडायचे, मग बाकीचं बोलणं. जन्मभर पिठाची गिरणी चालवलेला माणूस! दळण अर्ध्यावर, बायका डबे घेऊन ताटकळलेल्या आणि नाना ओट्यावर हात चोळत बसलेले. एरंडोलजवळच्या आमच्या गावाने हे चित्र कित्येकदा बघितलं. मी त्यांचा पुतण्या. धुळ्याला कॉलेजात शिकवतो, म्हणून घरातला शहाणा.

अक्कांची, म्हणजे माझ्या काकूंची, फुप्फुसं कामातून गेली आणि घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. ते विजेवर चालायचं. लाईट गेली की जळगावहून भाड्याने आणलेला सिलिंडर जोडायचा. त्या पाच मिनिटांत नानांच्या हातून नट काही केल्या बसायचा नाही. शेवटी मला म्हणाले, "घरवर सोलर टाकूत. तू शिकेल शे, तू भर फारम."

नानांच्या गच्चीवर उन्हाळ्यात अख्ख्या गल्लीचे बिबडे-पापड वाळत. मी फॉर्म भरला आणि तिथे पॅनल बसले. त्यांच्यावर सावली पडेल, कुणाचा धक्का लागेल म्हणून नानांनी जिन्याला कुलूप घातलं. बायका फुरंगटल्या. अक्का खाटेवरून म्हणाल्या, "बायास्ना पाय बंद करी दिन्हा तुम्ही. आते कोन यी मन्हाकडे?" खरंच, त्यानंतर घरात कुणी फारसं फिरकलं नाही.

सोलर सुरू झालं त्याच आठवड्यात नानांनी सिलिंडर परत पाठवून दिला. "आते लाईट गयी तरी ऊन शे ना!" हे मला फोनवर किती खुशीत सांगितलं त्यांनी! मीही मूर्खासारखा म्हणालो, "बरोबर आहे नाना."

वैशाखात एका संध्याकाळी सुरू झालेलं वादळ रात्रभर चाललं. पहाटे खांब पडले, तारा तुटल्या. सकाळी नानांचा फोन. आवाज ओळखू येईना. "भाऊ, इतलं ऊन पडेल शे. मशीन काबर चालत नही?"

मी सोलर बसवणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "सर, तुम्हाला गच्चीवरच सांगितलं होतं. गावातली लाईट गेली की हेही आपोआप बंद होतं, तारेवर चढलेल्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून. तेव्हाही हवं असेल तर बॅटरी वेगळी लागते."

सांगितलं होतं. मी मोबाईलमध्ये डोकं घालून "हो हो" करत सही ठोकली होती. घरात आजारी माणूस आहे हे त्याला कळवायचंही मला सुचलं नव्हतं. आग लागो माझ्या शिक्षणाला!

गावात गाडी मिळून अक्कांना दवाखान्यात न्यायला निघेपर्यंत उशीर झाला. अक्का एरंडोलच्या वाटेवरच गेल्या.

दहाव्याला नाना मला गच्चीवर घेऊन गेले. पॅनलवर वादळाची धूळ तशीच साचलेली होती. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट माझ्यापुढे धरलं. "मी सकायले पुसी लेतू तं मशीन चालतं. मन्हीच चूक शे, भाऊ."

खरं सांगायला तोंड उघडलं होतं मी, देवाशपथ. पण बाहेर पडलं ते एवढंच, "असेल नाना. धुळीने होतं असं कधी कधी."

त्यानंतर जगले तोवर नाना रोज सकाळी ते पॅनल पुसत. मी गावी असलो की खालून पाण्याची बादली भरून त्यांच्या हातात देत असे.