भोकांची डिस्क घेऊन कल्याणला

वसंताने मला फसवलं. दसऱ्याच्या दिवशी, माझ्या हातात आपट्याचं पान ठेवून फसवलं. माझ्या साध्या घरगुती गाडीला त्याने भोकांच्या ब्रेक डिस्क विकल्या. त्या डिस्क तपासून घ्यायला आम्ही नवराबायको एका रविवारी घोडबंदर रोडहून कल्याणला माझ्या मेहुण्याच्या गॅरेजात गेलो, त्या प्रवासाची ही हकीकत.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली की तिच्यासाठी काहीतरी नवं घ्यायचं, ही आमच्या घरची रीत. कधी सीट कव्हर, कधी नुसता हॉर्न. यंदा ब्रेकचे पॅड बदलायचे होते. वसंताचं गाड्यांच्या सामानाचं दुकान आमच्या टॉवरपासून जवळच. पॅड मागितले तर त्याने चकचकीत डिस्क काढून दाखवली. चाकामागच्या ज्या लोखंडी तबकडीला पॅड चिमटा घेतात ती ही. तिच्यात चाळणीसारखी भोकं आणि वर तिरक्या खाचा. म्हणाला, उष्णता लगेच निघून जाते, पावसात पाणी निघून जातं, ब्रेक कडक लागतो. मी भाव अर्ध्यावर आणला. त्याने कपाळाला हात लावला, डिस्क बसवून दिल्या आणि जुन्या स्वतःकडे ठेवून घेतल्या. मी खुशीत घरी आलो.

दिवाळीनंतर ब्रेक दाबला की घरघर सुरू झाली. त्या रविवारी निघालो, तेव्हा पातलीपाड्याच्या कोंडीत ब्रेक मारला की शेजारचे रिक्षावाले वळून बघायचे. सुनंदा, माझी बायको, म्हणाली, "अहो, पीठ दळायला घेतल्यासारखं वाटतंय." मी रेडिओचा आवाज वाढवला. उत्तर दिलं असतं तर कल्याणपर्यंत भांडण पुरलं असतं.

टेंभी नाक्याला गाडी मुद्दाम थांबवली. कोपऱ्यावर मिसळ खाल्ली. तर्री तीच, जीभ भाजणारी. टेबलावरच्या फरश्या मात्र बदलल्यात. समोरच्या फुटपाथकडे बोट करून सुनंदाला म्हटलं, इथे माझी पथारी होती, तिथे वसंताची. तिने मान डोलावली. हे तिने किती वेळा ऐकलंय ते तिलाच माहीत.

नवरात्रात या नाक्यावर पाय ठेवायला जागा नसायची. मी प्लास्टिकची खेळणी विकायचो, वसंता गॉगल आणि कमरेचे पट्टे. रात्री देवीची आरती झाली की गर्दीचा लोंढा यायचा आणि आम्ही दोघं घसा फाटेस्तोवर ओरडायचो. गिऱ्हाइकाला काय वाटेल तो भाव सांगायचा, त्यात पाप नव्हतं. पण पथारीवाल्यांचा आपसात एक नियम होता: शेजारच्या पथारीला आधी मालातली खोड सांगायची, मग भाव. पहिल्याच नवरात्रात मला पट्टा हवा होता. मी उचललेला पट्टा वसंताने हातातून काढून घेतला. "याचं बक्कल महिन्यात तुटेल. हा घे," म्हणत दुसरा दिला. त्यानंतर त्याच पट्ट्याच्या भावावरून आम्ही तासभर भांडलो. तो पट्टा माझ्या लग्नातही माझ्या कमरेला होता.

कळव्याच्या पुलावर खाडीचा तो जुना खारट वास आला. पूर्वी या बाजूला मिठागरं होती. पांढरे ढीग उन्हात असे चमकायचे की डोळे बारीक करावे लागायचे. आता त्या बाजूला इमारतींच्या काचा चमकतात. पुढे कळव्याच्या नाक्याजवळ एक आगरी बाई टोपली घेऊन बसली होती. टोपलीत कोलंबी आणि निवट्या (खाडीच्या चिखलात टुणटुण उडणारे मासे). मेहुण्याकडे रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून मी कोलंबीला हात घातला. भाव विचारण्याआधीच ती म्हणाली, "दादा, ही कोलबी कालची हाय. आजची नाय. नेशील तं ने, मंग माज्या नावानं बोंबलू नको."

मी टोपलीकडे बघतच राहिलो. मग निवट्या घेतल्या. सवयीने घासाघीस केली. तिने मला कळव्याच्या कडक भाषेत माझी लायकी सांगितली. बरं वाटलं.

मुंब्र्याच्या बायपासवर उतार लागला. समोर ट्रक थांबला म्हणून ब्रेक दाबला तर स्टिअरिंग हातात थरथरलं. गाडी थांबली, पण मला हवी होती त्याच्या पुढे जाऊन. सुनंदाने दाराच्या वरचा दांडा धरला होता तो शिळफाट्यापर्यंत सोडला नाही. पुढे कल्याणच्या रस्त्यावरच्या मानपाड्याचा सिग्नल आला तेव्हा मी उजवीकडे पाहिलं. पूर्वी आत एका गल्लीत माझं पहिलं भाड्याचं दुकान होतं. शटर उघडायला वसंताच आला होता, नारळ त्याच्याच हातून फुटला. ती गल्ली आता ओळखू येत नाही.

कल्याणला दुर्गाडीच्या अलीकडे सुनंदाचा धाकटा भाऊ दिलीप याचं गॅरेज आहे. त्याने चाक काढलं आणि माझ्याकडे पाहून हसला.

"भावोजी, पॅड बदलायला गेलेलात ना? ही शर्यतीची गाडी कधी झाली?"

मी तापलो. म्हटलं, मोटरसायकलच्या डिस्कला भोकं असतात, ते सगळे वेडे आहेत का? तो म्हणाला, ती डिस्क पातळ, उघडी, आणि गाडी हलकी. तुमच्या गाडीची पुढची डिस्क मुळातच दोन थरांची असते, मधल्या पोकळीतून वारा खेळतो. भोकं पाडली की उलट लोखंड कमी होतं आणि उष्णता धरायला तेच लोखंड लागतं. पूर्वीचे पॅड तापून वायू सोडायचे, तो निघून जायला भोकं होती; आताचे पॅड तसे नाहीत. पावसाचं म्हणाल तर थोडाफार फरक पडत असेल, पण साधी डिस्कही पहिल्या दाबाला पाणी झटकते. खाचांनी पॅडचा वरचा थर खरवडला जाऊन पॅड स्वच्छ राहतो, ते घाटात जोराने गाडी हाकणाऱ्याला उपयोगी. आपल्याला फक्त आवाज, आणि पॅड लवकर संपतात.

"मानपाड्याच्या सिग्नलला डिस्क तापेल एवढी गाडी पळवून तरी दाखवा," तो म्हणाला. "चांगले पॅड टाका, ब्रेक ऑइल वेळेवर बदला, बस."

मग त्याने डिस्क उजेडात धरली. दोन भोकांच्या मध्ये केसाएवढी चीर गेली होती. सगळाच भोकांचा माल असा नसतो, हा हलका आहे, असं तो म्हणाला. पण माझ्या जुन्या डिस्कची जाडी त्याने मागच्या सर्व्हिसिंगला मोजली होती. त्या ठणठणीत होत्या. वसंताने त्या भंगारात टाकल्या.

दिलीपने साध्या डिस्क बसवल्या. त्याच्या बायकोने निवट्यांचं आंबट-तिखट कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. आडवा हात मारून जेवलो. सुनंदा हळूच म्हणाली, "तुम्हीच भाव पाडलात ना? मग त्याने तसाच माल दिला." हा आरोप मला मान्य नाही. भावाबद्दल मी वसंताशी भांडलो, कारण मालाबद्दल भांडायची मला कधी गरजच वाटली नव्हती.

परतीला ब्रेक गुपचूप लागत होता. बायपासचा उतार कधी संपला कळलं नाही. टेंभी नाक्यावरून गाडी पुढे काढली, थांबलो नाही. घोडबंदरला थेट वसंताच्या दुकानात गेलो. एका तरुण जोडप्यासमोर त्याने तसलीच डिस्क मांडली होती. वर्तमानपत्रात गुंडाळलेली माझी डिस्क मी काचेच्या काउंटरवर ठेवली. त्याने चीर पाहिली, त्या जोडप्याकडे पाहिलं, आणि मऊ आवाजात म्हणाला, "साहेब, बदलून देऊ आपण. नाहीतर पैसे परत घ्या."

साहेब. ज्याने मला आजवर बाळ्याशिवाय दुसऱ्या नावाने हाक मारली नाही, तो.

मी त्या जोडप्याला एवढंच सांगितलं की तुमच्या गाडीला याची गरज नाही. पैसे घेतले नाहीत, डिस्कही तिथेच ठेवली. ती अजून त्याच्या काउंटरवर असेल.

वसंता, हे तू वाचशील, कुणीतरी वाचून दाखवेलच. ती डिस्क तुझीच ठेव. पण टेंभी नाक्यावर ये, त्याच फुटपाथवर उभा राहा, आणि माझ्या तोंडावर सांग: बक्कल तुटेल म्हणून माझ्या हातातला पट्टा काढून घेणारा तू, मी तुझी शेजारची पथारी कधीपासून राहिलो नाही?