‘हात थोडे थरथरतात, चालतंय’

मांडव्याच्या धक्क्यावर रो-रो बोटीतून गाडी खाली उतरवली तेव्हा पावणेदहा झाले होते. वहीत लिहिलेल्या वेळेपेक्षा बारा मिनिटं उशीर. गाडी कडेला घेतली आणि शेजारी बसलेल्या सुजाताच्या हातात पाण्याची बाटली दिली.

“दर तासाला एक ग्लास,” मी म्हणाले.

“विद्ये, माझं पोट आहे की सोसायटीची टाकी?”

सुजाता माझी शाळेपासूनची मैत्रीण. ठाण्याला एका भांड्यांच्या दुकानात ती भांड्यांवर नावं घालते. हातात ते छोटं गुरगुरणारं यंत्र घेऊन ती अक्षर काढते, तेव्हा गिऱ्हाइकं बोलणं थांबवून बघतात. तीन वर्षांपूर्वी ती सहा दिवस झोपली नाही आणि गल्लीतल्या घराघरांतून भांडी गोळा करून फुकट नावं घालत सुटली. पुढचे दोन महिने अंथरुणातून उठली नाही. आजाराचं नाव कळलं, बायपोलर. लिथियमच्या गोळ्या सुरू झाल्या आणि गाडी रुळावर आली. भरपूर पाणी प्यायचं, मीठ मनाने तोडायचं नाही, रक्ततपासणी वेळेवर करायची, गोळी स्वतःच्या मनाने सोडायची नाही, हे डॉक्टरांचं सांगणं माझ्या वहीच्या पहिल्याच पानावर आहे. तिच्या घरी लक्ष घालायला कोणी नाही, म्हणून प्रत्येक भेटीला मी सोबत जाते.

गेले काही दिवस ती गप्प होती. म्हणून ही तीन दिवसांची सहल. निघताना तिने मला एक नवा स्टीलचा डबा दिला होता, चिवड्याने भरलेला. मी तो मागच्या सीटवर ठेवला आणि यादीतल्या ‘कोरडा खाऊ’वर खूण केली.

अलिबाग मागे टाकून रेवदंड्याला थांबलो. खाडीच्या तोंडाशी होड्या लागल्या होत्या आणि बांबूंवर मासळी वाळत होती. एका कोळणीकडे सोडे (सोलून सुकवलेली कोळंबी) चांगले दिसले. सुजाताने मूठभर उचलले, पण तिचा हात थरथरला आणि निम्मे वाळूत सांडले.

“काय गो बाय, हात कापतंय तुजा? सकालपासना काय खाल्लं न्हाय व्हय?” कोळणीने विचारलं.

“गोळ्यांमुळे होतं तिला. चालतंय,” मी म्हणाले.

कोळणीने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. “तिला इचारलंय मी. तिला तोंड हाय ना?”

मला राग आला. सोडे घेतले आणि गाडी सुरू केली. काशीदची सुरूची बनं, मुरूडची वळणं, सगळं सुंदर होतं. मी मात्र त्या बाईशी मनातल्या मनात भांडत गाडी चालवत होते. आगरदांड्याला जंगलजेट्टी (गाड्या पलीकडे नेणारी सपाट बोट) डोळ्यांदेखत सुटली, कारण माझ्या वहीतलं वेळापत्रक जुनं निघालं. तोही राग त्या बाईवरच काढला.

दिवेआगरला आमची खोली एका वाडीत (नारळ-सुपारीच्या बागेत) होती. घरच्या काकूंनी गेल्या गेल्या पानं मांडली. बिरड्याची उसळ, भात, सोलकढी आणि वाफ निघणारे मोदक. सुजाताने वाटी उलटी करून नाव वाचलं. सवयच तिची.

“आमच्या सासूबाईंचं नाव,” काकू म्हणाल्या. “वादळात स्वयंपाकघराचं छप्परच गेलं. भांडी कुठल्या कुठे. दोन महिने लोक आणून देत होते. नाव होतं म्हणून आली हो घरी, नाहीतर वाटी ती वाटीच.”

सुजाता हसली. बऱ्याच दिवसांनी. मग वाटी सरळ ठेवताना ती ताटावर खडखडली आणि हसू गेलं.

मी गोळ्यांची डबी तिच्या ताटाशेजारी ठेवली होती, वार लिहिलेल्या खणांची. काकूंचे यजमान समोरच स्वतःची रक्तदाबाची गोळी घेत होते. त्या काकांची नजर गेलीच. “कसल्या गोळ्या एवढ्या?”

“मूडच्या आजाराच्या,” मीच सांगितलं.

“सोडून द्या त्या. किडन्या जातात त्याने. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ समुद्रावर चाला, मन ताळ्यावर येतं.”

माझं डोकंच फिरलं. “काका, किडनी सांभाळायला तर रक्त तपासतात. तुम्ही तुमची रक्तदाबाची गोळी सोडून चाला आठ दिवस. नवव्या दिवशी मी चौकशीचा फोन करते.”

“घ्या! बोला आता,” काकू म्हणाल्या.

काका ओशाळून ताक शोधू लागले. आणि सुजाता खाली बघत म्हणाली, “मी सोडलीच आहे. सकाळची घेते. संध्याकाळची बेसिनमध्ये टाकते. पंधरा दिवस झाले.”

पंधरा दिवस मी रोज तिला रिकाम्या खणाचा फोटो पाठवायला लावत होते. प्रत्येक फोटोपुढे माझ्या वहीत बरोबरची खूण होती.

जेवण तसंच टाकून आम्ही किनाऱ्यावर गेलो. भर उन्हात मी तिला जे बोलले ते इथे लिहिणार नाही. ते सहा दिवस विसरलीस का, पुन्हा तसं झालं तर कोण धावणार, माझ्याशी खोटं बोलायची लाज कशी नाही वाटली, अशा वळणाचं होतं. माझं बोलून संपल्यावर ती वळली. मग गाडीपाशी गेली, मागच्या सीटवरचा डबा घेऊन आली आणि झाकण माझ्यासमोर धरलं.

“वाच.”

‘विद्या’. वेलांटी दोन ठिकाणी मोडलेली, शिरोरेघ करवतीसारखी. सकाळपासून तो डबा माझ्या गाडीत होता आणि मी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

“लग्नाची चोवीस ताटं परत आली, विद्ये. मुलीच्या आईने दुकानात सगळ्यांसमोर विचारलं, हे कोणी पोराने काढलंय का. मालक मला आता गल्ल्यावर बसवतो.”

“मग डॉक्टरांना का नाही सांगितलंस?”

“तू सांगितलंस ना. गेल्या भेटीत त्यांनी विचारलं, काही त्रास? तू वही उघडलीस आणि म्हणालीस, हात थोडे थरथरतात, चालतंय. त्यांनी लिहून घेतलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. मी तोंड उघडेपर्यंत तू दार उघडून उभी होतीस.”

मला तो दिवस आठवला. मला बँक बंद व्हायच्या आत पोचायचं होतं. ‘चालतंय’ हा शब्द तिचा नव्हताच. काकांना मी तोडून बोलले, पण तिने गोळी सोडली ती काही काकांच्या सल्ल्याने नव्हे. तिच्यापुढे दुसरी वाट मीच ठेवली नव्हती.

पाच वाजता डॉक्टरांचा दवाखाना उघडल्यावर फोन लावला, तिच्या हातात दिला आणि वीस पावलं लांब जाऊन उभी राहिले. कान तिकडेच होते. परत आल्यावर तिने स्वतः सांगितलं: चुकलेल्या गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत, आजपासून ठरल्याप्रमाणे घ्यायच्या, झोप कमी झाली तर लगेच कळवायचं, परतल्यावर रक्त तपासून शुक्रवारी भेटायचं. थरथरीवर काही ना काही करता येतं म्हणाले, पण ते त्यांना ठरवू द्यायचं.

“आणि रागावले,” ती म्हणाली. “गोळी सोडली म्हणून नाही. भांड्यांचं आधी सांगितलं नाही म्हणून.”

तिसऱ्या दिवशी परतताना बोटीच्या कठड्यापाशी ती म्हणाली, “डबा दे. हात सुधारला की घासून नीट नाव घालते.”

“नाही देणार. नीट घालायचं तर दुसऱ्या डब्यावर घाल.”

शुक्रवारी दवाखान्यात ती परत आलेल्या ताटांपैकी एक पिशवीत घालून घेऊन आली. डॉक्टरांनी ताटावरचं नाव बोट फिरवून वाचलं आणि विचारलं, “काम करताना नक्की काय होतं?” सवयीने माझं तोंड उघडलं. टेबलाखाली सुजाताची चप्पल माझ्या अंगठ्यावर पडली, चांगली जोरात.

ती पंचवीस मिनिटं बोलली. तिचा हात किती स्थिरावेल, हे आज कोणीच सांगू शकत नाही. औषधात थोडा बदल केला आहे, पुढची तपासणी ठरली आहे. काकांवरचा माझा राग टिकून आहे. स्वतःवरचा तर अंगठा दुखतो तोवर जाईलसं वाटत नाही, आणि अंगठा अजून दुखतो आहे.