कानमिस्त्रींचा पांढरा ठिपका

कानमिस्त्री ठार बहिरे झाले, ही बातमी गल्लीत आणली ती न्हाव्याने. दाढी करताना त्याने म्हणे तीनदा विचारलं, "कल्ले ठेवू की उडवू?" आणि मिस्त्री आरशात बघत नुसते बसून राहिले. त्याने उडवले. मग शिंपीणबाईंनी त्यांना कानाच्या डॉक्टरच्या जिन्यावर पाहिलं आणि पुराव्याचीही सोय झाली. "चला, बायकोच्या बोलण्यातून तरी सुटला बिचारा," असं म्हणत सगळ्यांनी पोटभर हळहळून घेतलं.

खरं म्हणजे कानांना काहीच झालं नव्हतं. डॉक्टरने त्यांना काचेच्या खोलीत बसवून, बारीक शिट्ट्या वाजवून सांगितलं होतं, "तुमच्या वयाच्या मानाने कान तरुण आहेत." ऐकून दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. मिस्त्री मात्र जिना उतरताना कठडा धरून उभे राहिले. कान शाबूत आहेत, म्हणजे बिघाड डोक्यात आहे, असा त्यांनी हिशेब लावला. न्हाव्याच्या खुर्चीत ते ऐकत होते सगळं. कल्ल्यांचं काय करायचं, याचा निर्णय घ्यायचीसुद्धा त्यांची हिंमत उरली नव्हती, इतकंच.

आणि हे कुणाचं? ज्याच्या निर्णयावर पस्तीस वर्षं गाड्या उघडल्या गेल्या त्या माणसाचं! गाडीच्या मागच्या सीटवर डाव्या कोपऱ्यात बसायचं, डोळे मिटायचे, धाकट्या भावाला गाडी चालवायला लावायची, ही त्यांची पद्धत. नवीन गिऱ्हाईकाला वाटायचं, म्हातारा झोपला. मग डोळे न उघडता आवाज यायचा, "पंखा घासतोय," किंवा "सायलेन्सरचा पत्रा सुटलाय." गाडी उघडली की तेच निघायचं. धाकट्याने दोन वर्षांपूर्वी बिघाड शोधायचं मशीन आणलं. ते तो स्वतःच्या रुमालाने पुसतो. पण गिऱ्हाईक यायचं ते दारातून विचारतच, "दादा आहेत का?" धाकटा "आहेत" म्हणायचा आणि रुमाल जरा जोरात फिरवायचा.

घोडं अडलं ते एका ऑटोमॅटिक गाडीपाशी. गाडी पंधरा वर्षांची, मालकीण शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. चाळिसाच्या पुढे गेलं की गाडी घूंऽऽ करायची आणि वेगाबरोबर तो आवाज चढत जायचा. "एवढी कुरकुर आमच्या ह्यांनीसुद्धा कधी केली नाही," असं म्हणून बाईंनी किल्ली टेबलावर ठेवली.

मिस्त्री मागे बसले, डोळे मिटले.

"साठवर ने."

"नेली."

"आता न्यूट्रल कर."

इंजिनचा आवाज खाली आला. घूंऽऽ तसंच.

"म्हणजे इंजिन निर्दोष. जरा डावीकडे वळव. आता उजवीकडे." डावीकडे वळताना आवाज फुगला, उजवीकडे वळताना विरला. "पुढचं उजवं बेअरिंग. डावीकडे वळलं की वजन त्याच्यावर येतं आणि ते रडतं."

"दादा, ही ऑटोमॅटिक आहे," धाकटा म्हणाला. "हिचा गिअरबॉक्स म्हणजे बंद पेटी. मागे बसून काय कळणार? मशीन लावू." मशीन लावलं. मशीनला काहीच सापडलं नाही. "बघ! म्हणजे बिघाड खोल आहे. गिअरबॉक्सच."

"काहीच सापडलं नाही म्हणजे गिअरबॉक्स? अजब आहे तुझं मशीन."

धाकट्याचे कान लाल झाले. "ठीक आहे. बदलतो बेअरिंग. पण आवाज राहिला तर यापुढे गॅरेजात शेवटचा शब्द माझा."

"राहिला तर मी मागच्या सीटवर पाऊल ठेवणार नाही," मिस्त्री हसत म्हणाले. हसत! इतकी खात्री होती.

खात्री उगाच नव्हती. गाडी उचलून त्यांनी एक हात स्प्रिंगवर ठेवला आणि दुसऱ्याने चाक फिरवलं. बोटांना वाळूसारखी खरखर लागली. मग चाक उतरवून त्यांनी हबवर, म्हणजे बेअरिंगसकट निघणाऱ्या ठोकळ्यावर, पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. जे काढून टाकायचं त्यावर मिस्त्रींनी स्वतः ठिपका द्यायचा आणि काढलेला भाग गिऱ्हाईकाच्या हातात ठेवायचा, ही गॅरेजची जुनी रीत. ठिपका देऊन मिस्त्री दोन दिवस लेकीकडे गेले. तिचं घर बदलायचं होतं, कपाटं उचलायला बाप लागतो.

परत आले तेव्हा धाकटा म्हणाला, "बदललं. जुनं बाईंना कागदात गुंडाळून दिलं." मिस्त्री मागे बसले. चाळिसाला घूंऽऽ. साठाला घूंऽऽ. डावीकडे वळताना तर जास्तच. ते डोळे उघडून बाहेर बघत राहिले.

आता इथे कुणीही म्हणेल, अहो, पुन्हा गाडी उचला, स्प्रिंगवर हात ठेवा. पण ते त्यांना जमणारं नव्हतं. वडील गेले तेव्हा धाकटा जेमतेम विशीत होता. पाना धरला की हात थरथरायचा. तेव्हा मिस्त्रींनी स्वतःला एक नियम घालून घेतला होता: भावाने बसवलेल्या नटाला पुन्हा हात लावून बघायचं नाही. त्या नियमाने धाकट्याचा हात स्थिर झाला. तो मोडायचा कसा? त्यापेक्षा स्वतःवर शंका घेणं त्यांना सोपं गेलं.

गिअरबॉक्स उतरला. तीन महिने मिस्त्री शेडच्या दाराशी स्टुलावर बसून नटबोल्ट निवडत होते. न्हाव्याची खुर्ची आणि डॉक्टरचा जिना याच दिवसांतले. "दादा आहेत का?" असं कुणी विचारलं की तेच म्हणायचे, "भावाला विचारा." बायको म्हणाली, "घरात तरी बोला काहीतरी. भांडायलासुद्धा माणूस मिळत नाही मला."

मग एका सकाळी बाई आल्या. नव्या गिअरबॉक्सची गाडी घूंऽऽ करतच आत शिरली. बाईंनी पिशवीतून एक लोखंडी ठोकळा काढून टेबलावर आपटला.

"हे तुमचं जुनं बेअरिंग. तीन महिने दाराला अडकण म्हणून वापरलं, तेवढाच त्याचा उपयोग झाला. आता तो जुना गिअरबॉक्सही अडकणीलाच ठेवू का?"

मिस्त्रींनी ते उचललं. उलटं केलं, सुलटं केलं. गंज होता, ठिपका नव्हता. मापही दुसऱ्याच गाडीचं. भंगाराच्या डब्यातलं.

धाकटा मशीन पुसायला लागला.

पस्तीस वर्षांत पहिल्यांदा मिस्त्रींनी नियम मोडला. गाडी उचलली, चाक उतरवलं. हबवर पांढरा ठिपका होता, धुळीखाली, जसाच्या तसा.

त्यांनी स्वतः बेअरिंग बदललं. गाडी फिरवून आणली. चाळिसाला शांत, साठाला शांत. बाई थक्क. "मग माझ्या गाडीचं पोट कशाला फाडलंत?"

"चूक गॅरेजची झाली, बाई," मिस्त्री म्हणाले. कुणाची, ते त्यांनी सांगितलं नाही. म्हणून गल्लीत ते आजही बहिरेच आहेत.

बाई गेल्यावर धाकटा जमिनीकडे बघत म्हणाला, "मला वाटलं, गिअरबॉक्सच आहे, बेअरिंगवर कशाला दिवस घालवा... आणि खरं सांगू दादा? एकदा तरी तू चुकावंस असं वाटलं रे."

मिस्त्रींनी हात धुतले, साबण जागेवर ठेवला आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी धाकट्याने एका गाडीची मागची सीट झटकून, पुसून लख्ख केली. दार उघडं धरून म्हणाला, "दादा, बस ना. हिचा आवाज मशीनला सापडत नाहीये."

मिस्त्री स्टुलावरून उठले नाहीत. हातातला नट डब्यात टाकत म्हणाले, "मशीनला बोल लावू नकोस. ते बिचारं तेव्हाही गप्पच होतं. खोटं बोलायला घरचं माणूस लागलं."